लोला झोपलीय

सकाळपासून लिंडाने स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता आणि आत कुणी पाऊल टाकलं की ती त्याच्या अंगावर जात होती. एका शेगडीवर डुकराचं मटण शिजत होतं, दुसरीवर नारळाच्या दुधातला चिकट गोड भात, आणि मोठ्या कढईत शेवया परतायच्या बाकी होत्या. खिडकीबाहेर बर्फ कुंपणाच्या वर गेलं होतं. पाहुणे यायच्या आत पायऱ्या मोकळ्या करायला तिने नवऱ्याला, फेलिक्सला, पिटाळलं होतं आणि तो काम अर्धवट टाकून आत येऊन लसूण सोलत बसला होता.

आज चाळिसावा दिवस होता. लिंडाची आई तेओडोरा, जिला सगळं घर नानाय म्हणायचं, ती तिकडे मायदेशी इलोइलोला गेल्याला आज चाळीस दिवस होत होते. आमच्यात मानतात की गेलेला जीव चाळीस दिवस घराभोवती घुटमळतो, आपल्या माणसांची तोंडं बघतो आणि मग वर जातो. म्हणून त्या दिवशी प्रार्थना आणि जेवण रीतसर व्हावं लागतं. तिकडे भाऊ रोडेलने ते उरकलं होतं. इकडे कॅनडात विनिपेगला लिंडा करत होती, पण एका माणसाच्या चोरून. ते माणूस म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. रोवेना याच घराच्या तळघरातल्या खोलीत राहत होती, पहाटे वृद्धाश्रमात कामाला गेली होती, आणि आपली आई जिवंत आहे असं समजत होती.

"आज तरी सांग तिला," फेलिक्स म्हणाला.

"आजच का? आज काय मुहूर्त आहे?"

"मुहूर्तच आहे. आज म्हातारी जाणार. जाताना धाकटी कुठाय म्हणून विचारेल ना."

"तिला सगळं कळतं. ती माझी आई होती, तुझी नाही." लिंडाने झाकण आपटलं. "इथे कायम राहायची मंजुरी येऊ दे. आली की मी स्वतः रोवेनाच्या पाया पडून सांगेन. मारलं मला तर मार खाईन."

"मंजुरी नाताळला येणार होती. मग जानेवारीत येणार होती."

"मग आता येईल!"

फेलिक्सने लसणाची पाकळी उगाचच दोनदा सोलली. बायकोशी वाद घालण्यात त्याची हयात गेली होती आणि एकदाही तो जिंकला नव्हता.

या लपवाछपवीमागे लिंडाचं गणित होतं, आणि ते चुकीचं होतं असं म्हणणं सोपं नाही. रोवेनाच्या कामाच्या परवान्याची मुदत उन्हाळ्यातच संपली होती. संपायच्या आत तिने नवा मागितला होता, त्यामुळे निकाल लागेपर्यंत जुन्याच अटींवर काम करायची कायद्याने तिला मुभा होती. पण मुभा देशात पाय आहे तोवरच. विमानात बसली की काम करायचा हक्क संपला, परत यायचा व्हिसा नाही, नोकरी नाही, आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज तर त्याच नोकरीच्या खुंटीला टांगलेला. त्या अर्जात नावं दोन होती. एक रोवेनाचं आणि दुसरं शायराचं, तिच्या अकरा वर्षांच्या मुलीचं. शायराचा बाप केव्हाच दुसरं घर करून बसला होता. पोर लहानपणापासून आजीपाशी, तिच्या लोलापाशी वाढली होती. आईला तिने चार वर्षांत प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

म्हणून नानाय गेल्याचा फोन आला तेव्हा लिंडाने डोळे पुसायच्याही आधी ठरवलं, रोवेनाला सांगायचं नाही. सांगितलं तर ही पहिलं विमान धरणार. रोडेलला ताकीद दिली, गावाला ताकीद दिली, फोटो कुणी कुठे टाकायचा नाही. म्हातारीला पावसाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, तेव्हापासून ती बोलत नव्हतीच, फोनवर नुसती मान हलवायची. त्यामुळे आता 'झोपलीय' म्हटलं की भागत होतं. घरात सगळ्यांनी सुतकाची काळी फीत स्वेटरच्या आतल्या बाजूला टाचली होती.

"मॉम, हे चूक आहे," क्रिस्टल दारातून म्हणाली. ही लिंडाची मुलगी, विद्यापीठात शिकणारी. रोवेनाचे सगळे अर्ज तिनेच भरले होते. "तिची आई आहे. तिला कळायचा हक्क आहे."

"हक्काच्या गोष्टी तू नको सांगूस. तू इथे जन्मलीस, तुला हक्क फुकटात मिळाले."

"म्हणून खोटं बोलायचं?"

"मी पंधरा वर्षांची होते तेव्हापासून बोलतेय," लिंडा म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या वेळी कॅसेट कुणी भरली होती?"

घरात सगळ्यांना ही गोष्ट पाठ होती. नानाय हाँगकाँगला एका चिनी कुटुंबात कामाला होती तेव्हा गावी नवरा गेला. करार संपायला वर्ष होतं, मध्येच सोडलं तर सगळं मुसळ केरात. थोरल्यांनी ठरवलं, कळवायचं नाही. त्या काळी पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवायचे. पंधरा वर्षांच्या लिंडाने महिन्याच्या महिन्याला कॅसेट भरली की आमचे बाबा, ताताय, मासेमारीला गेलेत, मजेत आहेत, तुझी आठवण काढतात. वर्षाने नानाय परतली, थडग्यापाशी बसली, आणि उठताना लिंडाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, शहाणी आहेस तू. त्या एका वाक्यावर लिंडा आजपर्यंत जगत आली होती. बाहेर राबणाऱ्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, हा मग या घराचा नेमच होऊन बसला.

दाराची घंटा वाजली. प्रार्थना सांगणाऱ्या पासिंगबाई आल्या होत्या, हातात जपमाळ, मागे चार बायका.

"कोंबडी केली नाहीस ना?" त्यांनी बूट काढायच्या आधी विचारलं. "चाळिसाव्याला कोंबडी नको. पायाने उकरते ती, मागोमाग दुसऱ्याला बोलावते."

"नाही केली, टिटा पासिंग. या तुम्ही."

"आणि धाकटी कुठाय? इतक्या दिवसांत एकदाही दिसली नाही."

"कामावर," लिंडा म्हणाली. "संध्याकाळी येईल."

---

कोझाक आजोबांना लापशी भरवणं हे वृद्धाश्रमाच्या त्या मजल्यावरचं सगळ्यात अवघड काम, आणि ते रोवेनाशिवाय कुणाला जमत नव्हतं. तोंड घट्ट मिटून बसायचे. रोवेना त्यांच्याशी इलोंगो भाषेत बोलायची, ते युक्रेनीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं छान चालायचं.

"हा शेवटचा घास. माझ्या आईला पण असंच भरवतात हो तिकडे. ती तुमच्यासारखा हट्ट नाही करत."

डॉना, मजल्याची मुख्य, दारात उभी राहिली. चेहऱ्यावरूनच रोवेनाला कळलं की काहीतरी आहे.

"जरा ऑफिसात येतेस?"

"घास संपवू दे."

"राहू दे. मी मारियाला पाठवते."

ऑफिसात डॉनाने दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे केली. खुर्ची पुढे केली की बातमी वाईट असते, हे काम करणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं.

"मुख्य कार्यालयाने सगळ्यांचे कागद तपासले. तुझं ते सरकारी पत्र आहे ना, अर्ज मिळाल्याचं, त्यावरची तारीख उलटून गेलीय."

"तारीख उलटली तरी हक्क उलटत नाही," रोवेना म्हणाली. हे वाक्य तिने क्रिस्टलकडून घोकून घेतलं होतं. "निकाल लागेपर्यंत मी काम करू शकते. कायद्यातच आहे तसं. सरकारने स्वतः लिहिलंय."

"मला माहितेय गं. पण त्यांना तारीख असलेला कागद हवाय."

"मी छापून आणते. उद्या आणते."

"आण ना. मी पाठवते. त्यांचे वकील बघतील."

"किती दिवस लागतील?"

डॉनाने हातातलं पेन टेबलावर सरळ ठेवलं. "वकील म्हटल्यावर मी काय सांगू? तोवर तुझं नाव पाळ्यांमध्ये लावता येणार नाही."

"उद्यापासून?"

"आत्तापासून. सॉरी, रोवेना. तू आमची सगळ्यात चांगली—"

"माझा अर्ज या नोकरीवर आहे," रोवेना म्हणाली. "नोकरी गेली तर अर्ज गेला."

"नोकरी नाही गेली. फक्त थांबवलीय."

थांबवलीय. रोवेनाला हसूच आलं. चार वर्षं तिचं सगळंच थांबवलेलं होतं. गणवेश न बदलताच तिने कोट चढवला आणि बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. वारा असा की डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठावं. पाणी वाऱ्याचं होतं की कशाचं हे तिने तपासलं नाही. तिला घरी जायचं होतं, लिंडाच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं, आणि लिंडाने नेहमीसारखं 'रडतेस काय, मी आहे ना' असं खेकसावं एवढंच हवं होतं. आई हाँगकाँगला गेली तेव्हा रोवेना दुधावरची होती. आई म्हणून तिने आधी लिंडालाच ओळखलं.

बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं, आता तिकडे पहाट असेल, शायरा उठली की फोन करू, नानायला बघू. कितीतरी दिवसांत नानायला पाहिलं नव्हतं. दर वेळी झोपलेली. एकदा ती शायराला म्हणाली होती, झोपलेली तर झोपलेली, फोन तिच्या तोंडापाशी ने. शायरा म्हणाली, फोनची बॅटरी संपतेय. रोवेनाने पुन्हा तसं सांगितलं नव्हतं. का नव्हतं, याचा तिने विचार केला नव्हता.

---

बाजूच्या दाराने ती आत आली तर उंबऱ्यात बुटांचा ढीग. वरून बायकांचा एकसुरी आवाज येत होता. संतांची नावं एकेक करून घेतली जात होती आणि प्रत्येक नावामागे सगळ्या मिळून म्हणत होत्या, तिच्यासाठी प्रार्थना कर. लहानपणापासून ऐकलेला तो ताल. रोवेना जिना चढता चढता नकळत त्यांच्यात सूर मिळवून म्हणाली, "तिच्यासाठी प्रार्थना कर."

म्हणतच ती दारात आली. टेबलावर पांढरा कपडा होता. मेणबत्ती होती. एका ताटलीत शेवया, मटणाचा तुकडा, गोड भात, कुणी हात न लावलेला. ताटलीमागे चौकटीत नानाय होती.

फेलिक्सने तिला सगळ्यात आधी पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, जपात त्याचं फारसं लक्ष नसायचं. पुढे आयुष्यभर त्याला तिचा तो चेहरा आठवत राहिला. तोंड अजून प्रार्थना म्हणत होतं आणि डोळे फोटोवर होते.

पासिंगबाईंनी माळ आवरली आणि लगबगीने जाऊन तिचे हात हातात घेतले. त्यांना बिचाऱ्यांना या लपवाछपवीचं कुणी काही सांगितलंच नव्हतं. "ये पोरी, ये. बरं झालं पोचलीस. चाळीस दिवस झाले, आता मोकळं कर तिला. रडून अडवू नकोस."

"चाळीस," रोवेना म्हणाली.

मग पासिंगबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी लिंडाकडे पाहिलं, फेलिक्सकडे पाहिलं, आणि माळ पिशवीत टाकली. "चला गं बायांनो. राहिलेली प्रार्थना घरी म्हणू." आमच्यात उपाशी पाहुणा आणि रिकाम्या हातचा पाहुणा दोन्ही अपशकुनी, त्यामुळे अशा वेळीसुद्धा क्रिस्टल धावत जाऊन चंदेरी कागदात शेवया बांधून देत होती, आणि बायका नको नको म्हणत घेत होत्या. दार लागलं. घरात चौघं उरली आणि ती ताटली.

"बस आधी," लिंडा म्हणाली. "पाणी पी."

"कशाने गेली?"

"झोपेत. दुसरा झटका. त्रास नाही झाला तिला."

"हे तरी खरं आहे का?"

"रोवेना!"

"नाही, विचारते. मला आता कसं कळणार कुठलं खरं आणि कुठलं नाही? मागच्या रविवारी तू म्हणालीस नानाय सूप प्यायली. मागच्या रविवारी!"

"तू गेली असतीस," लिंडा म्हणाली.

"हो, गेले असते! माझी आई आहे!"

"माझी नाही? मी गेले का? मी इथली नागरिक आहे, माझ्याकडे पासपोर्ट आहे, मी उद्या जाऊन परवा येऊ शकत होते. नाही गेले. का? मी विमानात बसले असते तर तुला काय सांगणार होते, कुठे चालले म्हणून? तुझ्यापायी मी माझ्या आईला माती दिली नाही!"

फेलिक्सला हे माहीत होतं, पण लिंडाने ते कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. त्याला वाटलं आता दोघी गळ्यात पडतील, बहिणींचं तसंच असतं. एक पाऊल पुढे येऊन तो म्हणाला, "झालं ते झालं. दोघींचंही—"

"तुम्ही गप्प बसा, मानोंग," रोवेना म्हणाली. तिने आजवर मोठ्या मेहुण्यापुढे आवाज चढवला नव्हता. "तुम्हाला पण ठाऊक होतं. रोज सकाळी मला गाडीने थांब्यावर सोडत होतात."

फेलिक्स पुन्हा भिंतीला जाऊन टेकला.

"नानायला पटलं असतं," लिंडा हट्टाने म्हणाली. "तातायच्या वेळी मी हेच केलं. ती परत आली तेव्हा मला काय म्हणाली? शहाणी आहेस तू."

"तुला म्हणाली."

"मग?"

रोवेनाने कोटाची चेन खाली ओढली आणि तिथेच थांबली. बोलावं की नाही याचा तिने क्षणभर विचार केला असावा. मग ती बोलली, आणि ते बोलणं टाळता आलं असतं असं फेलिक्सला पुढे कितीदा तरी वाटलं.

"शायराच्या वेळी मी बाळंत होऊन पडले होते तेव्हा मला म्हणाली. म्हणाली, लिंडाने मला माझ्या नवऱ्याचं तोंड बघू दिलं नाही. कॅसेटवर तो मजेत आहे म्हणून ऐकायची आणि मी रात्री खुशाल झोपायची. ते खुशाल झोपणं मी स्वतःला माफ केलं नाही आणि तिलाही नाही. पोर लहान होती म्हणून तोंडावर शहाणी म्हटलं."

लिंडाने हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि खुर्ची शोधत असल्यासारखा मागे नेला. क्रिस्टलने खुर्ची सरकवली. लिंडा बसली. एवढी दांडगी बाई, साऱ्या नातलगांना इथे आणून मार्गी लावणारी, पण त्या घटकेला पंधरा वर्षांची पोरगीच दिसत होती.

"मला कधी नाही म्हणाली," ती शेवटी म्हणाली.

"तुला कसं म्हणेल?"

---

रोवेनाने मग वृद्धाश्रमातलं सांगितलं. अगदी सरळ, जेवणात मीठ कमी आहे म्हणावं तसं. नाव पाळ्यांतून काढलं, वकील बघतील, कधी ते माहीत नाही.

"म्हणजे ज्या कामासाठी हे सगळं लपवलंत," ती म्हणाली, "ते काम पण नाहीये आज. तेलही गेलं, तूपही गेलं."

"मग जा," फेलिक्स म्हणाला. "इथे बसून काय करणार? पोरीपाशी जा. तिला आता कोण आहे तिकडे?"

"रोडेल आहे ना," रोवेना म्हणाली. पण रोडेलची बायको कशी आहे ते सगळ्यांना माहीत होतं. आपल्याच तीन पोरांना ती डाफरून डाफरून जेवायला घालायची.

"जा," लिंडापण म्हणाली. तिने मान वर केली नाही. "तिकीट मी काढते. आजचं मिळालं तर आजचं. मी पुन्हा अडवणार नाही कुणाला."

सकाळपासून हक्काच्या गोष्टी करणारी क्रिस्टल तेवढी गप्प होती. तिला मावशीच्या बाजूने बोलायचं होतं. पण सगळे अर्ज भरलेले तिनेच, त्यातली एकेक अट तिला झोपेत विचारली तरी आली असती.

"टिटा, एक सांगू? रागवू नकोस."

"सांग."

"वृद्धाश्रमवाले चुकीचे आहेत. तुझा हक्क अजून आहे. मी आज त्यांना सगळं लिहून पाठवते. आठवड्यात, दोन आठवड्यांत तुला परत घेतील. नोकरी फक्त थांबलीय. पण तू विमानात बसलीस की मग ती खरंच संपते. अर्ज बाद होतो. पुन्हा पहिल्यापासून. शायरा तोपर्यंत मोठी होईल, आणि पुन्हा कुणी तुला घेईलच असं नाही."

"सकाळी तू म्हणत होतीस ना हक्क म्हणून?" लिंडा तिच्यावर उखडली. "आता तीच तू तिला बांधून घालतेस?"

"मी सांगावं म्हणत होते, मॉम. जाऊ दे असं कधी म्हणाले?"

"सांगितलं असतं तर गेली असती!"

"मग तिने ठरवलं असतं!"

"आता ठरव म्हण ना मग! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ठरव म्हणे!"

"मी जातेय," रोवेना म्हणाली. दोघी थांबल्या. "मला ऐकायचं नाही काही. नानाय गेली, नोकरी थांबली, आणि माझी पोर चाळीस दिवस दुसऱ्याच्या घरात झोपतेय. मी जातेय. क्रिस्टल, तिकीट बघ."

क्रिस्टलने फोन काढला.

तिकडे आता सोमवारची सकाळ उजाडली होती, शाळेची वेळ. रोवेनाने फोन लावला. शायरा पांढऱ्या सदऱ्यात दिसली, मागे रोडेलच्या घराची हिरवी भिंत. एरवी ती कुठल्या घरात आहे ते कळू नये म्हणून अंगणात बसून बोलायची. आज तिला वेळ नव्हता, आईचा फोन या वेळी कधी येत नसे.

"मम्मी? तू कामावर नाहीस?" आणि लगेच, सवयीने, "लोला झोपलीय."

"शायरा," रोवेना म्हणाली, "मला कळलं, बाळा."

पोरीचा चेहरा होता तसाच राहिला. मग तिने मागे वळून दाराकडे पाहिलं, कुणी ऐकतंय का म्हणून. "मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "टिटो रोडेलला सांग, मी नाही सांगितलं."

"माहितेय मला. कुणी तुला रागावणार नाही. मी येतेय. आम्ही तिकीट बघतोय."

"कुठे?"

"तुझ्याकडे. घरी."

"नाही," शायरा म्हणाली. "येऊ नकोस."

लिंडा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिला पडदा दिसत नव्हता, नुसता आवाज ऐकू येत होता.

"असं काय म्हणतेस? तुला नको आहे का मी?"

"तू आलीस तर कॅनडा संपलं. टिटा लिंडाने सांगितलं होतं. टिटोने पण सांगितलं. सगळ्यांनी मलाच सांगितलं. म्हणून मी रोज बोलले." तिचा आवाज चढत गेला. "लोलाला खाली सोडत होते ना, तेव्हा तुझा फोन आला. टिटो म्हणाला, उचल, नाहीतर तिला संशय येईल. मी दफनभूमीच्या बाहेर गेले. रस्त्यावर उभी राहिले आणि तुला सांगितलं लोला झोपलीय. परत आत गेले तर त्यांनी माती टाकून पण झाली होती. मी शेवटचं पाहिलं नाही तिला. तुझ्यासाठी. आणि आता तू येणार? मग मी कशाला बोलले?"

लिंडाने दोन्ही हात कानांवर नेले आणि पुन्हा खाली घेतले. ऐकणं तिला भागच होतं.

"तुझ्याजवळ कोण झोपतं रात्री?" रोवेनाने विचारलं.

"कुणी नाही. मी मोठी झालेय."

"भीती वाटते?"

"तू विषय बदलू नकोस, मम्मी. येणार नाही म्हण."

रोवेनाने क्रिस्टलकडे पाहिलं. क्रिस्टलने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. फेलिक्स खिडकीबाहेर बघत होता. मग रोवेनाने लिंडाकडे पाहिलं, जन्मभर प्रत्येक गोष्टीसाठी पाहत आली होती तसं. पण जा म्हणण्याचं तोंड लिंडाला उरलं नव्हतं आणि राहा म्हणण्याचंही.

"नाही येत," रोवेना म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"शपथ घे. लोलाची घे."

"लोलाची शपथ. नाही येत."

"बरं," शायरा म्हणाली. तिने दप्तर खांद्यावर घेतलं, पट्टा नीट केला, आणि पट्टा नीट करता करता तिचं तोंड वाकडं झालं. चाळीस दिवस ती रडली नव्हती, निदान आईच्या फोनवर तरी नाही, आणि आता ती रडायला लागली ती अगदी लहान मुलासारखी, आ वासून, दप्तर पाठीवर तसंच ठेवून.

"ये ना गं मम्मी," ती म्हणाली. "आत्ता ये."

रोवेनाने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"नाही येता येत, बाळा," ती म्हणाली, आणि तिकडे शाळेची रिक्षा येईपर्यंत तिचं रडणं ऐकत बसली.